चौदा नंबरचा बिल्ला

शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर.

बहात्तरच्या पुढे नोरीन टकरची गाडी रोज अडायची. सोमवारी सकाळीही अडली. टोस्ट गार होत होता, खिडकीबाहेर समुद्र नेहमीसारखा आदळत होता आणि एकोणऐंशी वर्षांची नोरीन शाळेतल्या पोरीसारखी बोटं मोजत बसली होती. पासष्ट. हां, पासष्ट. मग अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस. शंभरातून सात-सात वजा करत जायचं, आज वार कोणता, ऋतू कोणता, घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. गुरुवारी पाच वाजता मॅनेजर केरी फॉर्म घेऊन तिच्या फ्लॅटमध्ये येणार होती आणि हे सगळं विचारणार होती.

गल पॉइंटच्या या वृद्धवसाहतीत एका गोष्टीला सगळे घाबरायचे, आणि ती गोष्ट मरण नव्हती. ती होती ‘मागे’ जाणं. पुढची इमारत समुद्राकडे तोंड करून उभी, तीन मजले, अठरा फ्लॅट, प्रत्येकाचं आपलं दार, आपली किल्ली, आपली किटली. मागची इमारत डोंगराला चिकटून. तिथे खोलीला आतून कडी नसते, चहा दुसरं कुणी करून देतं आणि खिडकीतून फक्त धुलाईघर दिसतं. नावावर दोन शेरे पडले की मागे. नोरीनच्या नावावर एक पडलेला होता.

तो पडला तिच्या मैत्रिणीमुळे, चौदा नंबरमधल्या डल्सीमुळे. म्हणजे डल्सीच्या बिल्ल्यामुळे.

हे गाव कोळशाच्या खाणीचं. खाण बंद होऊन जमाना झाला, पण या इमारतीत पहिल्यांदा राहायला आलेले सगळे खाणकामगार आणि त्यांच्या विधवा, त्यामुळे खाणीतली एक रीत त्यांच्याबरोबर सामानात बांधून आली. खाली लॉबीत लाकडी फळा, त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्यावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर फ्लॅटचा नंबर ठोकलेला. बाहेर पडताना आपला बिल्ला काढून बरोबर न्यायचा, परत आलं की टांगायचा. संध्याकाळी ज्याची पाळी असेल त्याने फळा बघायचा. खिळा रिकामा दिसला तर माणूस बाहेर आहे, शोधायला निघा. बिल्ले पुरे असतील तर वहीत खूण करा आणि जेवायला बसा. खाणीत पन्नास वर्षं चाललं, मग इथे न चालायला काय झालं?

एप्रिलमधल्या त्या संध्याकाळी पाळी नोरीनची होती. तिने मोजले. अठरा खिळे, अठरा बिल्ले. खूण केली. सकाळी मासे धरायला आलेल्या दोघांना खडकातल्या हौदात डल्सी सापडली. हा हौद खाणकामगारांनीच कधीकाळी खडक फोडून केलेला, भरतीच्या लाटा ज्याच्या कठड्यावरून आत येतात असा. सगळे पोहायचे ते तिथेच. डल्सीच्या मनगटाला दोरी होती, पोहताना बिल्ला अडकवायची. दोरीत बिल्ला नव्हता.

“तुमची मोजण्यात चूक झाली, नोरीन,” केरीने अगदी हळुवारपणे सांगितलं होतं. “सतरा असतील. तुम्हाला अठरा वाटले.”

नोरीनला अठरा वाटले नव्हते. अठरा होते. पण मैत्रिणीला मातीत घालून आलेल्या बाईने भांडायचं कुणाशी? शेरा पडला. केरीने माणूस लावून चौदा नंबरचा खिळा पक्कडीने उपटवला, भोकात लांबी भरली. आता सतरा खिळे, सतरा माणसं.

नोरीनचा फ्लॅट आठ. चौदा बरोब्बर तिच्या डोक्यावर. तो रंगवून, पडदे काढून, नव्या माणसाची वाट बघत बंद होता.

तर त्या सोमवारी पाढे झाल्यावर नोरीन औषधाच्या दुकानात जाऊन आली आणि आपला बिल्ला टांगताना सहज तिची नजर शेजारी गेली. सहा नंबरच्या खिळ्यावरून थेंब पडला. सहा म्हणजे आयव्ही, आणि आयव्ही सोमवारी केस सेट करायला जाते, हे समुद्रातल्या माशांनाही माहीत. मग बिल्ला इथे कसा?

नोरीनने चष्मा कपाळावरून खाली ओढला. पितळ हिरवट पडलेलं, कडेला वाळू. आकडा एक आणि चार.

तिने बोट लावलं. बिल्ला गार होता, पण नुसता गार नाही. बराच वेळ पाण्याखाली राहिलेल्या वस्तूचा जो एक आतपर्यंत मुरलेला गारवा असतो ना, तसा.

“काय गं, माझ्या खिळ्याला काय चिकटलंय?” मागून आयव्हीचा आवाज. आयव्ही दारात उभी, केस फुलकोबीसारखे.

नोरीन वळली आणि परत फिरली, एवढंच. खिळा रिकामा होता. आयव्हीने आपला बिल्ला त्यावर टांगला.

“कसे झालेत केस?”

“छान,” नोरीन म्हणाली. “तरुण दिसतेस.”

“खोटारडी.”

फरशीवर थेंब मात्र होता. नोरीनने तो बुटाने पुसला. का पुसला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी ती पाव आणायला गेली. उणीपुरी वीस मिनिटं. परत आली तेव्हा तिचा बिल्ला तिच्या मुठीत होता, आणि तिच्या आठ नंबरच्या खिळ्यावर चौदा लटकत होता.

लॉबीत कुणी नव्हतं. जुलैचा, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याचा वारा दाराच्या फटीतून शिट्टी घालत होता. नोरीनने बिल्ल्याला हात लावला नाही. ती जिन्याने वर गेली, अगदी सावकाश. दार कुलूपबंद होतं, तिने सोडलं होतं तसंच. आत सगळं जागच्या जागी. फक्त टेबलाची पलीकडची खुर्ची, डल्सी बसायची ती, बाहेर ओढलेली होती. खुर्चीच्या गादीवर हात ठेवला तर गादी ओली.

मग वरून, चौदामधून, नळ सुटल्याचा आवाज आला. धो धो नाही, बारीक धार. तीनेक मिनिटं चालला आणि बंद झाला.

त्याच संध्याकाळी मुलाचा, क्रेगचा फोन आला. “आई, गुरुवारचं टेन्शन घेऊ नकोस. काही झालं तरी तुझ्याच भल्यासाठी आहे. मागे सगळं हाताशी मिळतं.”

“मला हात आहेत, क्रेग.”

“तसं नाही गं. बाकी कसं चाललंय? काही वेगळं, काही त्रास?”

नोरीनने ओल्या खुर्चीकडे पाहिलं. तिने त्यावर टॉवेल अंथरला होता. आता काय सांगणार? मेलेली मैत्रीण येऊन बसते म्हणून? एवढं वाक्य बोललं की फॉर्म भरायचीही गरज नाही, सरळ सामान बांधायचं.

“काही नाही,” ती म्हणाली. “सगळं छान.”

पण कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि सांगण्यासारखा एकच माणूस होता. तीन नंबरचा मर्व्ह, वय त्र्याऐंशी, खाणीतला जुना मुकादम, गुडघे गंजलेले पण जीभ धारदार. बुधवारी तो बाहेर बाकावर चिप्स खात बसला होता आणि समुद्रपक्ष्यांना शिव्या देत होता. नोरीन शेजारी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं, एकदाही न थांबता.

मर्व्हने ऐकलं. चिप्सची पुडी तिच्यापुढे केली.

“हस ना,” नोरीन म्हणाली. “म्हण, म्हातारी चळली.”

“चळायला आधी डोकं ठिकाणावर लागतं. तुझं कधी होतं?” पण तो हसत नव्हता. म्हणाला, “एप्रिलमध्ये तू मोजलेस तेव्हा नंबर वाचले होतेस का गं?”

“नाही. रिकामा खिळा आहे का, तेवढंच बघतो आपण सगळे.”

“तेच. खाणीतही तेच बघायचे.” त्याने चिपचा तुकडा एका पक्ष्याला टाकला, ज्याला आत्ताच शिवी दिली होती त्यालाच. “एकदा गणती जुळली होती आमची. एकशे अकरा खाली गेले, एकशे अकरा बिल्ले वर आले. फाटक लावलं. आणि फ्रँक डिंगल रात्री जेवायला घरी पोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी सापडला, खाली.”

“मग त्याच्या जागी वर कोण आलं?”

“ते कुणी विचारलं नाही.”

“का?”

“दुसऱ्या दिवशी परत खाली उतरायचं असतं, बये.”

पक्षी ओरडत होते. मर्व्हने पुडीचा बोळा केला. “हे बघ. उद्या परीक्षा दे, पास हो, तोंड बंद ठेव. शुक्रवारी मी केरीला सांगतो. माझ्यावर एकही शेरा नाही, मला काय कापतेय ती? आणि तोवर मोजू नकोस. वाच.”

गुरुवारी नोरीनने निळा स्वेटर घातला, टेबल पुसलं, दोन कप मांडले. साडेचारला सूर्य डोंगराआड गेला आणि उजेड करडा झाला. पाढा बहात्तरपाशी न अडता चव्वेचाळीसपर्यंत उतरला. पावणेपाच. घरात बसवेना. ती खाली लॉबीत गेली, उगाच, टपाल बघायला.

आयव्हीची पाळी होती. पाचला टीव्हीवर तिचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लागतो, म्हणून ती दहा मिनिटं आधीच येऊन वहीत खूण करत होती.

“सतरा,” आयव्ही म्हणाली. “सगळी कोंबडी खुराड्यात. तू अशी नटलीस कुठे? अगंबाई, आज तुझं ते आहे नाही का. घाबरू नकोस. मला विचारलं होतं, आपण कुठल्या देशात राहतो. म्हटलं, पोरी, तुझ्या आजीच्या आधीपासून राहतेय.”

नोरीन हसली आणि तिने फळ्यावरून नजर फिरवली. मोजले नाहीत. वाचले. एक. दोन.

तिसऱ्या खिळ्यावर चौदा होता.

“मर्व्ह बाहेर आहे,” ती म्हणाली.

“कुठे बाहेर? फळा भरलाय की.”

“नंबर वाच, आयव्ही.”

“माझा चष्मा घरात राहिलाय.” आयव्हीने वही मिटली. मग नोरीनच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणाच जास्त वाईट होता. “नोरीन, राणी, बिल्ले पुरे आहेत. जा वर. केरी येईल आत्ता. आज नको असलं काही.”

ती गेली. नोरीन एकटी उभी राहिली.

मर्व्ह रोज साडेतीनला हौदात गुडघे बुडवायला जायचा आणि सव्वाचारला परत यायचा. आता पाचला आठ मिनिटं होती. तिने त्याच्या दारावर थाप मारली. दोनदा. आत शांतता. आयव्हीने वहीत खूण केली होती, म्हणजे उद्या सकाळपर्यंत कुणी शोधणार नव्हतं. केरीला थांबवून सांगावं, तर केरीही फळाच बघणार. आणि पाचला घरात नसलं तर? ‘भेटीची वेळ विसरल्या.’ दुसरा शेरा. कडी नसलेली खोली. धुलाईघर.

वर लिफ्टचं दार कुठेतरी वाजलं.

नोरीनने आठव्या खिळ्यावरून आपला बिल्ला काढला, कारण बाहेर पडताना तो काढायचाच असतो, आणि ती निघाली.

हौदाकडे उतरणाऱ्या बहात्तर पायऱ्या होत्या. तिने कठडा सोडला नाही. भरती चढत होती. लाट आदळली की पाण्याचा पांढरा पडदा हौदाच्या कठड्यावरून आत यायचा आणि हौद फुगायचा.

“मर्व्ह.”

ती आणखी दोन पायऱ्या उतरली.

“मर्व्ह, गाढवा, बोल.”

कोपऱ्यातून खोकला आला. तो शेवटच्या पायरीवर छातीभर पाण्यात होता, पायऱ्यांना आधारासाठी लावलेली साखळी दोन्ही हातांनी धरून. पाऊल पायरी आणि साखळीच्या मध्ये अडकलेलं. ओठ निळे.

ती कमरेपर्यंत पाण्यात उतरली. पाण्याने श्वासच काढून घेतला. हाताने चाचपडत तिने साखळी सैल केली, त्याचा पाय वळवला, ओढला. एक लाट दोघांच्या डोक्यावरून गेली. दुसरी यायच्या आत पाऊल सुटलं.

कितीतरी वेळ दोघं पायरीवर नुसती धापा टाकत बसली.

“हाका मारल्या मी,” मर्व्ह म्हणाला. दात वाजत होते. “तासभर. वर गॅलरीत कुणीतरी उभं होतं. बघत होतं. हात केला मी. तिनेही हात केला.”

“कुठल्या गॅलरीत?”

तो तिच्याकडे बघेना. “मला वाटलं, तूच आहेस.”

नोरीनने मान वर केली. पहिल्या मजल्यावर तिच्या फ्लॅटमध्ये दिवा लागला होता. तिने लावला नव्हता. पडद्यावर टेबलाशी बसलेल्या दोन सावल्या होत्या. एकीच्या हातात कागद. दुसरी ताठ बसलेली, आणि मधूनमधून मान हलवत होती, प्रश्न नीट समजला की हलवतात तशी.

चढायला अर्धा तास लागला. मर्व्ह तिच्या खांद्यावर, ती कठड्यावर.

लॉबी उबदार होती. कुणाच्या तरी घरातून वाटाण्याच्या सूपचा वास येत होता.

तीन नंबरचा खिळा रिकामा होता. मर्व्हने आपला बिल्ला त्यावर टांगला.

आठव्या खिळ्यावर चौदा होता.

नोरीन आपला बिल्ला मुठीत धरून तिथेच उभी राहिली.

लिफ्ट उघडली. केरी बाहेर आली, काखेत फाइल, चेहरा खुललेला. “अरे, तुम्ही जिन्याने उतरलात? माझ्या आधी पोचलात की.” मग तिचं लक्ष कपड्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्याकडे गेलं. “हे काय, दोघंही भिजलात कसे?”

“मी घसरलो हौदाशी,” मर्व्ह म्हणाला. “हिने काढलं मला. पण केरी, ही तर—”

नोरीनने त्याचं मनगट धरलं.

“आत्ता, एवढ्यात?” केरी गोंधळली. तिने घड्याळ पाहिलं. “मी तर... तुम्ही खिडकीशी उभ्या होतात, मी दार ओढून घेतलं...” तिने मर्व्हकडे पाहिलं, नोरीनकडे पाहिलं, आणि दिवसभराच्या कामाने थकलेलं माणूस जसं स्वतःची समजूत घालतं, तशी तिने घातली. “असो. आधी गरम अंघोळ करा दोघं. नर्सला पाठवते. आणि नोरीन, बातमी चांगली आहे, ती सांगूनच टाकते. तीसपैकी तीस. शंभरातून सात तर तुम्ही असं झरझर म्हटलंत, की मला कागदावर पडताळायला वेळ लागत होता. मागे जायचा प्रश्नच नाही. मी क्रेगना आज फोन करते. चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं, ते मी लिहिलेलं नाही.” ती हसली. “तुम्ही खूश दिसत नाही?”

आता एवढंच करायचं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, मी घरात नव्हते. मी बाहेर होते, हा बघ माझा बिल्ला. एवढं म्हटलं की खरं सांगितल्याचं समाधान. आणि सकाळी सामान मागच्या इमारतीत.

मर्व्ह तिच्याकडे बघत होता. ‘दुसऱ्या दिवशी परत खाली उतरायचं असतं,’ हे त्याचं वाक्य तिला आठवलं.

“खूश आहे ना,” नोरीन म्हणाली. “नुसती गारठलेय.”

“मग एक सही तेवढी. वर राहून गेली बघा. पेन सापडत नव्हतं तुम्हाला.”

केरीने फाइल पुढे धरली. नोरीनचा चष्मा ओला, अक्षरं सगळी पोहत होती. बोट ठेवलं तिथे तिने सही केली. केरीने खालची प्रत फाडून तिच्या हातात दिली आणि ती नर्सला बोलवायला ऑफिसकडे गेली.

मर्व्हने लॉबीच्या पडद्याच्या कोरड्या टोकाने तिचा चष्मा पुसून दिला. नोरीनने कागद दिव्याखाली धरला. घड्याळ बरोबर काढलेलं होतं. तारीख बरोबर होती. अक्षर तिचंच होतं, शाळेत शिकवलेलं, जरा उजवीकडे झुकलेलं.

शेवटचा प्रश्न होता, या फ्लॅटमध्ये एकूण किती जण राहतात. त्याच्यापुढे, तिच्या सहीच्या अगदी वर, त्याच अक्षरात लिहिलेलं होतं, दोघी.